पाच इयत्ता, दोन गुरुजी

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होत असलं, तरी शाळेचं नशीब ठरतं ते ३० सप्टेंबरला. त्या तारखेला पटावर किती मुलं आहेत आणि त्यांतल्या किती जणांचं आधार जुळतंय, यावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचा हिशेब होतो. या हिशेबाला म्हणतात संचमान्यता. रायगडच्या किनाऱ्यावर ही तारीख बहुधा पथ्यावर पडते. गणपती होऊन गेलेले असतात, चाकरमानी मुंबईला परतलेले असतात, मासेमारीबंदी उठून होड्या दर्यावर असतात. कातकरी वाडीतली माणसं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघायला अजून अवकाश असतो. ती जातात दिवाळीच्या पुढेमागे. वाडीतलं मूल सप्टेंबरात वर्गात असतं आणि जानेवारीत कुठल्या तरी भट्टीवर. पण सरकारी हिशेबात ते वर्षभर सप्टेंबरातच बसलेलं असतं. उलट ज्या मुलाच्या जन्माची नोंद नाही, म्हणून आधार नाही, ते रोज पहिल्या रांगेत बसलं तरी या हिशेबात येत नाही.

मुलं मोजायची आणि त्या मापात शिक्षक द्यायचे, ही रीत बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्यानं पक्की केली. कायदा २००९चा, अमलात आला १ एप्रिल २०१०ला. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९०ला ३, ९१ ते १२०ला ४, १२१ ते १५०ला ५, दीडशेच्या पुढे आणखी एक मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक, शिवाय गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक. या पायऱ्यांवर उभं राहिलं की साठावं आणि एकसष्टावं मूल यांच्यातला फरक कळतो. प्राथमिक शिक्षकाचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० रुपये. महागाई भत्ता वगैरे बाजूला ठेवला तरी वर्षाला साडेतीन लाख. कायद्याच्या तक्त्यानं जायचं, तर एका मुलाच्या दाखल्यावर हे साडेतीन लाख येतात किंवा जातात. मे-जूनमध्ये गुरुजी आणि बाई घरोघर फिरताना दिसतात ते त्यामुळेच. पालकांच्या हातापाया पडून पट टिकवणं हे आता त्यांच्या नोकरीचं अलिखित कलम झालं आहे.

पट फुगवणंही याच हिशेबातून आलं. २०११च्या ३ ते ५ ऑक्टोबरला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. पटावरची सुमारे वीस लाख मुलं तेव्हा वर्गात सापडली नाहीत. सगळीच काही बोगस नव्हती. पण मुलागणिक पैसा मिळू लागला की कागदावर मुलं जन्माला येतात, हे त्या तीन दिवसांत उघड झालं.

रायगडचा किनारा मात्र फुगलेल्या पटापेक्षा आटलेल्या पटासाठी पाहण्यासारखा आहे.

जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २६ लाख ३४ हजार होती. आधीच्या दहा वर्षांत ती सव्वाचार लाखांनी वाढली होती. शेजारचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच दशकात घटले. पण रायगडची वाढ झाली ती वरच्या टोकाला, पनवेल-उरणकडे. बंदर, सिडकोच्या वसाहती, २०१६ची पनवेल महापालिका आणि २०२४च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू, सगळं तिकडेच. खालच्या अंगाला, म्हसळा-श्रीवर्धनकडे, घराला कुलूप आणि अंगणात गवत. एकाच जिल्हा परिषदेच्या एका टोकाला वर्गात जागा पुरत नाही आणि दुसऱ्या टोकाला पाच इयत्तांत मिळून मुलं दोन आकडी होताना मारामार. या दोन टोकांची सरासरी काढली की उत्तर येतं तिशीच्या आतलं, अगदी कायद्यात बसणारं. राज्याच्या अहवालांत विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर समाधानकारक दिसतं त्याचं इंगित हेच.

किनाऱ्यावर पट आणखी एका कारणानं विभागला जातो. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा जुना जंजिरा संस्थानचा मुलूख. कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांबरोबर उर्दू शाळाही आहेत. गाव एक, मुलं मोजकी आणि शाळा दोन. त्यात मोठ्या गावातल्या इंग्रजी शाळेची गाडी सकाळी फाट्यावर येऊन उभी राहते. कोळीवाड्यात बोटीवर दोन पैसे मिळाले की पहिला खर्च बहुधा तिच्या भाड्याचा. त्यात चूक काय म्हणायचं? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींची स्वतःची मुलंही बऱ्याचदा त्याच गाडीत असतात.

आता एक द्विशिक्षकी शाळा जवळून पाहू. ती मुरुड तालुक्यातली समजा किंवा श्रीवर्धनातली, फरक पडत नाही. पट १३. पहिलीत ३, दुसरीत २, तिसरीत ४, चौथीत ३, पाचवीत १. शिक्षक दोन, म्हणजे गुणोत्तर साडेसहाला एक. मुंबईतली महागडी शाळा जाहिरातीत छापेल असा आकडा. चिऱ्याच्या भिंतींच्या दोन खोल्या. एकीत बाई पहिली-दुसरी घेऊन बसतात, दुसरीत गुरुजी उरलेल्या तीन इयत्ता. गणिताचा तास लागला की तिसरीला हातच्याची वजाबाकी, चौथीला भागाकार, पाचवीच्या एकट्या मुलीला अपूर्णांक. गुरुजी फळ्याचे खडूनं तीन भाग करतात. तिसरीला उदाहरण घालून चौथीकडे वळायचं, चौथीचं समजावून होईतो तिसरीतल्या दोघांचं सोडवून झालेलं असतं आणि उरलेल्या दोघांना हातचा कुठून घ्यायचा हेच कळलेलं नसतं. पाचवीची मुलगी हुशार असली तर तिला पुस्तकातलं वाचून स्वतःच सोडवायला सांगितलं जातं. नसली तरी तेच सांगितलं जातं. तिच्या वर्गात तिच्याशी चढाओढ करायला कुणी नाही, वहीत डोकावायला कुणी नाही, भांडायलाही नाही.

हा झाला दोघंही हजर असल्याचा दिवस. केंद्रातली बैठक, तालुक्याचं प्रशिक्षण, मतदार यादीचं काम, पोषण आहाराची ऑनलाइन माहिती, पोर्टलवर आधार जुळवणं, यांतलं काही ना काही निघतंच. मग एक जण बाहेर आणि पाचही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. कायद्याच्या २७व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच शिक्षणाबाहेरची कामं शिक्षकाला देता येतात. पण निवडणूक म्हटलं की मतदार यादी आली, आणि यादीचं काम बारमाही.

गुणोत्तर काय लपवतं ते एका साध्या गणितानं दिसतं. कायदा सांगतो, पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. दर इयत्तेला स्वतंत्र शिक्षक असेल तर मुलाच्या वाट्याला पूर्ण ८०० तास. आपल्या तेरा मुलांच्या शाळेत बाई दोन इयत्ता सांभाळतात, म्हणजे प्रत्येकीला ४००. गुरुजींकडे तीन, म्हणजे प्रत्येकीला २६६. एकच शिक्षक असेल तर १६०. मुलं तेरा असोत की तीन, हे तास वाढत नाहीत, कारण पोर्शन इयत्तांचा असतो, डोक्यांचा नाही. म्हणून लहान शाळेचं मोजमाप करायचं तर एका शिक्षकामागे किती मुलं हे विचारून भागत नाही. किती इयत्ता, हे विचारावं लागतं. सरकारी तक्त्यात हा रकाना शिक्षक ठरवायच्या जागी नाही, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे.

ही काही किनाऱ्यापुरती गोष्ट नाही. देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत, महाराष्ट्रात आठ हजारांच्या आसपास. ‘असर’ या शैक्षणिक पाहण्यांत ग्रामीण भागातली दुसरीची निम्म्याहून जास्त मुलं इतर इयत्तांबरोबर बसलेली आढळतात. तरी शिक्षकाचं प्रशिक्षण होतं ते एक इयत्ता-एक वर्ग असं गृहीत धरून आणि पुस्तकंही इयत्तावार. बहुवर्ग अध्यापन हा त्यात तोंडी लावण्यापुरता विषय.

खरं तर एका खोलीत अनेक इयत्ता ही आपल्याकडची जुनी रीत. पंतोजींच्या शाळेत मोठी पोरं धाकट्यांना धुळाक्षरं गिरवून घेत. मद्रासच्या अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्यानं तिथल्या गावठी शाळेतली ही पद्धत पाहिली, १७९७मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली आणि ती इंग्लंडभर पसरली. शंभरावर मुलांना एका मास्तरात निभावून न्यायची ही स्वस्त युक्ती म्हणून. कोलंबियात १९७५च्या सुमारास ‘एस्कुएला न्युएवा’, म्हणजे ‘नवी शाळा’, या नावानं डोंगरांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी वेगळी पुस्तकं निघाली. मूल आपल्या गतीनं ती सोडवत जातं आणि शिक्षक अडलेल्यापाशी बसतो. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी याच दिशेनं कार्डांच्या शिड्या तयार केल्या. तमिळनाडूनं ती पद्धत राज्यभर नेली. तेव्हा पाच इयत्ता एकत्र बसल्या म्हणजे शिक्षण बुडालं असं नाही. बुडतं ते एका इयत्तेसाठी लिहिलेली पाच पुस्तकं एका माणसाच्या हातात देऊन, पाचही वेळेत संपव, असं सांगितलं की.

पैशाच्या बाजूनं ही शाळा कशी उभी राहिली, तो इतिहास मोठा बोलका आहे. मुंबई इलाख्यात १८६३पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयावर एक आणा जादा घेतला जाऊ लागला. हा लोकल फंड. त्यातला तिसरा हिस्सा शाळांना, बाकीचा रस्ते, विहिरी, धर्मशाळांना. १८६९च्या कायद्यानं त्याला रीतसर रूप आलं. आंग्र्यांचा मुलूख खालसा होऊन बनलेला कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, स्वतंत्र जिल्हा झाला तोही १८६९मध्येच. म्हणजे अलिबाग-पेणच्या खारेपाटातला शेतकरी भरतीचं पाणी बांधानं अडवून भात पिकवत होता आणि त्या भाताच्या साऱ्यावरच्या आण्यातून गावोगावच्या शाळा चालत होत्या. त्यांत शेतकऱ्याचं पोर किती होतं हा प्रश्न वेगळा. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी तो रोखठोक विचारला. महसूल कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या वरच्या शिक्षणावर, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. ती मागणी कायद्यात उतरायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

मधल्या काळात शाळा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिल्या. १९२३च्या मुंबई कायद्यानं त्या लोकल बोर्डांकडे दिल्या, १९४७च्या कायद्यानं जिल्हा स्कूल बोर्डांकडे, आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर त्यांच्याकडे. आजही पाटीवर ‘रायगड जिल्हा परिषद शाळा’ लिहिलेलं असतं. पण शिक्षकाचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून ‘शालार्थ’ प्रणालीमार्गे येतो, अनुदानं ‘समग्र शिक्षा’ योजनेतून केंद्र ६० आणि राज्य ४० या वाट्यानं. भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून. जिल्हा परिषद आहे ती कौलांची आणि कुलपांची मालक.

त्या कौलांचीच गोष्ट पाहा. समग्र शिक्षेत शाळेला वर्षाला एकच संयुक्त अनुदान मिळतं. ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १००ला २५,०००, १०१ ते २५०ला ५०,०००. त्यातून खडू, रजिस्टरं, वीजबिल, पाणी, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती. हा पैसा शाळेला पावतो तोही अनेकदा वर्ष सरत आल्यावर. आता खाऱ्या वाऱ्याला पटसंख्या समजत नाही. पत्रा, खिडकीचे गज, पंप, संगणकाच्या आतल्या तारा, सगळं गंजतं आणि घाटावरच्या शाळेपेक्षा लवकर गंजतं. दहा मुलांच्या शाळेलाही दोनच खोल्या असतात, पन्नास मुलांच्या शाळेलाही दोनच. छपराचं क्षेत्रफळ तेच आणि अनुदान निम्म्याहून कमी. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा घरांबरोबर शाळांचीही छपरं उडाली. शाळा कोविडमुळे बंद होत्या म्हणून मुलं आत नव्हती, एवढंच. असल्या खर्चाला मग जिल्हा नियोजन समितीकडे हात पसरायचा, नाहीतर ग्रामपंचायतीकडे, नाहीतर कंपन्यांकडे. कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाच्या तरतुदीत कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं आहे. थळला खत कारखाना आहे, डोलवीला पोलाद, उरणला बंदर. म्हसळ्याच्या डोंगरातल्या वाडीच्या आसपास काय आहे?

स्वयंपाकघरातही हाच हिशेब. २५ मुलांपर्यंत एक मदतनीस, २६ ते १००ला दोन. मानधन २०२३पासून महिन्याला २,५०० रुपये. पट घसरून २५वर आला की दुसरीची रोजी जाते आणि उरलेल्या एकीनं पाणी भरायचं, तांदूळ निवडायचे, खिचडी टाकायची आणि भांडीही घासायची.

शाळेचा बहुतेक खर्च मुलांवर अवलंबून नसतो, तो शाळा उघडी ठेवण्याचा असतो. एस.टी.त चार उतारू असोत की चाळीस, डिझेल तेवढंच. आपल्या शाळेतल्या दोघांचं नुसतं सुरुवातीचं मूळ वेतन धरलं तरी वर्षाला सात लाख. पट ६० असेल तर मुलामागे साडेअकरा हजार, १३ असेल तर चोपन्न हजार, ६ असेल तर एक लाख सतरा हजार. शेजारी दुसरा आकडा ठेवा. खासगी शाळेत शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलापोटी राज्य सरकार शाळेला देतं ते वर्षाला १७,६७० रुपये. मंत्रालयात बसलेल्या माणसानं हे दोन आकडे एका कागदावर पाहिले की त्याच्या मनात काय येणार ते उघड आहे. आणि ते वेळोवेळी आलेलंही आहे.

२०१७च्या अखेरीस दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत मुलं वळवण्याचा निर्णय झाला. २०२३च्या सप्टेंबरात वीस आणि त्याखालच्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून पुण्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार करून पाहा. शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. म्हणजे आपण वर पाहिलेली तेरा मुलांची शाळा ही अपवाद नाही, या पंधरा हजारांतली अगदी मधली शाळा आहे. त्यानंतर ५ सप्टेंबर २०२४ला, नेमक्या शिक्षकदिनी, अशा शाळांतल्या दोन शिक्षकांपैकी एक १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी घ्यायचा शासननिर्णय निघाला. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात मर्यादा २०वरून १०वर आली आणि पुढच्या वर्षी निर्णयच मागे घेतला गेला.

दुसरा शिक्षक ही चैन आहे का, हा वाद तसा जुना. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा मोहिमेनं प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक बाई, असं ठरवलं. शिक्षणहक्क कायद्यानं तोच आकडा साठ मुलांपर्यंत कायम केला. म्हणजे देशानं हा प्रश्न दोनदा सोडवला आहे. दर वेळी त्याचं उत्तर अर्थखात्यात जाऊन पुन्हा प्रश्न होऊन परत येतं.

वर्ग लहान केल्यानं शिक्षण सुधारतं का? जगभर यावर भांडणं आहेत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं १९८५पासून चार वर्षं मोठा प्रयोग केला. ७९ शाळा, साडेअकरा हजारांवर मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुणाला १३ ते १७ मुलांच्या वर्गात, कुणाला २२ ते २५च्या. लहान वर्गातली मुलं पुढे गेली. मोठ्याच वर्गाला नुसता मदतनीस दिला तर मात्र फरक फारसा पडला नाही. केनियात उलटं दिसलं. ऐंशीच्या वर्गात जादा शिक्षक देऊन मुलं निम्म्यावर आणली, तर कायम शिक्षकांच्या वर्गांत शिक्षण फारसं हललं नाही, कारण काम कमी झालं तसे तेही सैलावले. आणि मुंबई-वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा २००१ ते २००३मध्ये अभ्यास झाला. मागे पडलेल्या मुलांना रोज काही तास वेगळं काढून वस्तीतलीच एक मुलगी शिकवत असे. त्या मुलांचं वाचन-गणित सुधारलं. ती बाहेर गेल्यानं मूळ वर्ग लहान झाला, पण तिथे उरलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही.

हे सगळे प्रयोग एक इयत्ता-एक वर्ग या घरातले आहेत. ऐंशीचे चाळीस करावेत की पंचविसाचे पंधरा, असा तो प्रश्न. पनवेल-उरणच्या वाढत्या वस्त्यांना तो लागू पडतो. खालच्या किनाऱ्यावरच्या शाळेपुढे तो प्रश्नच नाही. तिथे वर्ग आधीच लहान आहे, इतका की मुलाला सोबत उरलेली नाही. त्यातून बालसखीचं निरीक्षण मात्र उचलण्याजोगं आहे. मूल जिथे अडलंय तिथून त्याला कुणी उचललं, तर फरक पडतो. आणि तसं शिकवायचं ठरवलं तर तेरा मुलांची शाळा ही शिक्षेची जागा नाही, संधीची आहे. साताऱ्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं हे करून दाखवलं आणि राज्यभरचे शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले.

तरीही मला वाटतं की काही शाळा जोडल्या पाहिजेत. पाचवीच्या त्या एकट्या मुलीला कबड्डीचा संघ नाही, गटचर्चा नाही. पाच वर्षं एकाच बाकावर एकटं बसणं हेही शिक्षणाचं नुकसानच. पण जोडायचं कुणाला कुणाशी, हे नकाशावर पट्टी ठेवून ठरत नाही. राज्याच्या २०११च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. राजपुरीच्या खाडीच्या एका काठावरून दुसरा काठ दिसतो. आगरदांडा ते दिघी ‘जंगल जेट्टी’ या फेरीबोटीनं थोडक्यात गाठता येतं. जेट्टी बंद असेल त्या दिवशी खाडीला वळसा घालून जावं लागतं आणि त्या वळशात अर्धा दिवस जातो. कुंडलिका, सावित्री, धरमतर, प्रत्येक खाडीची हीच तऱ्हा. डोंगरातल्या वाडीची वाट पावसाळ्यात ओढ्यावरून जाते. शिवाय चौथी-पाचवीनंतर शाळा लांब गेली की आधी घरी बसते ती मुलगी, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

समूह शाळेच्या योजनेत मुलांना गाडी मिळेल असं म्हटलेलं असतं. समग्र शिक्षेत प्रवासापोटी मुलामागे वर्षाला साधारण ६,००० रुपयांपर्यंत धरता येतात. तेरा मुलांचे झाले ७८,०००. दहा महिने, रोज दोन फेऱ्या, घाटवळणाचा रस्ता आणि गाडीवाल्याचा पावसाळा. श्रीवर्धनच्या बाजूला एखाद्या मॅजिकवाल्याला या भाड्यात वर्षभर येशील का, म्हणून विचारून पाहा. आणि समजा तो आलाच, तर हे पैसे दर वर्षी, वेळेवर, शाळा सुरू असेपर्यंत येत राहतील याची हमी कुणाची? शिक्षकाचं पद मंजूर असतं, ते कागदोपत्री रद्द करावं लागतं. गाडीचं भाडं एका वर्षी आलं नाही, तर काहीच रद्द करावं लागत नाही. मुलं नुसती यायची थांबतात.

पद मंजूर असणं म्हणजे माणूस हजर असणं नव्हे, हीही किनाऱ्याची जुनी दुखरी बाजू. भरतीत निवड झालेले पुष्कळ जण मराठवाड्यातले, विदर्भातले, देशावरचे. कोकणात जागा रिकाम्या म्हणून नेमणूक इथे. चार-पाच वर्षं काढायची, आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरायचा आणि गावाकडे जायचं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भाड्यानं खोली मिळत नाही, बायको-मुलं पाचशे किलोमीटरवर. कायद्याच्या २६व्या कलमात रिक्त जागा दहा टक्क्यांवर जाऊ नयेत असं आहे. बदल्यांचा हंगाम झाला की कोकणातल्या जिल्हा परिषदा ही ओळ कशा ओलांडतात ते दर वर्षी पेपरात येतं. तेव्हा द्विशिक्षकी शाळा पुष्कळदा कागदावर द्विशिक्षकी असते आणि दुसऱ्या गुरुजींच्या जागी शेजारच्या शाळेतून कुणी तरी कामगिरीवर आलेलं असतं. मग त्या शेजारच्या शाळेचं काय होतं, ते विचारायचं नाही.

हे कळायची जागा गावातच आहे. शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या बायका, असं कायदाच सांगतो. शाळेचा विकास आराखडा करायचा आणि अनुदानाचा खर्च पाहायचा हक्क तिला आहे. समितीच्या बैठकीत सही करायला बोलावलेल्या आईनं एवढं विचारलं तरी पुरे की गेल्या महिन्यात दोघंही शिक्षक शाळेत होते असे दिवस किती, आणि संयुक्त अनुदानाचे दहा हजार कुठल्या तारखेला आले. पहिल्याचं उत्तर हजेरीपुस्तकात असतं आणि दुसऱ्याचं पासबुकात.